पाटाकडेची ओली पट्टी

मुकादम, तुम्हाला जाऊन बारा पावसाळे झाले आणि आज तुमच्याशी बोलायची वेळ माझ्यावर आली. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. दोन ओळी लिहायच्या तर मला घाम फुटतो. पण मातीबद्दल विचारावं असा दुसरा माणूस मला आयुष्यात भेटला नाही. माझ्या मुलीचे गुलाब मरत आहेत. उद्या पहाटे पाटाच्या पाण्याची तिची पाळी आहे. झाडांनी माना टाकल्यात म्हणून ती त्यांना उद्या पोटभर पाणी पाजणार आहे. मी बसलोय त्या ओसरीवरून मला ती दिसते, फावडं घेऊन वाफ्यांपर्यंतचे दंड मोकळे करते आहे, म्हणजे पाणी आलं की कुठं अडायला नको. ते गुलाब तहानेनं मरत नाहीत, पाण्यानंच मरत आहेत, हे मला आठ दिवसांपासून माहीत आहे. मी तिला सांगितलेलं नाही. कारण तिथं गुलाब लाव, असं मीच तिला सांगितलं होतं.

तुमच्या वेळी ती परकर-पोलक्यात होती. पुढं तिचं लग्न सायखेड्याच्या अलीकडं एका शेतकरी घरात करून दिलं. जावई भला होता, पण तीन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेला. पोरबाळ नाही. सासरच्यांनी, म्हणजे तिच्या दिरानं, कारण आता घरात त्याचाच शब्द चालतो, तिला पाटाच्या कडेची वीस गुंठ्यांची पट्टी दाखवली आणि चार माणसांत म्हणाला, "वहिनी, दोन पावसाळे ही जमीन कसून दाखवा. जमलं तर उताऱ्यावर तुमचं नाव चढवतो. नाय जमलं तर माहेर हाय की तुमचं." माहेर म्हणजे मी. नाशकातली एक भाड्याची खोली, तीही तिच्या आईच्या माघारी मी सोडून दिलेली, आणि आता मीच तिच्या पट्टीवरच्या पत्र्याच्या घरात येऊन राहिलोय. एक पावसाळा गेला. या जमिनीतून ती उठली तर आम्ही दोघं जाणार कुठं, हे मला कळत नाही. सकाळी चहा पिताना तेच मनात येतं, जेवताना तेच, आणि ती समोर आली की मी उगाच कुदळीचा दांडा ठोकत बसतो.

तुमच्या हाताखाली मी लागलो तो पहिला दिवस मला काल घडल्यासारखा दिसतो. सरकारी बागेच्या मागच्या अंगाला तुम्ही उभे आहात, डोक्याला मळका टॉवेल गुंडाळलेला. मी विचारतो, कोणती रोपं आणू? तुम्ही म्हणता, "रोपं? आधी जमिनीला विचारलंस का, कोण पाहुणा चालतो तिला?" मग मला एक वीत रुंद, हातभर खोल खड्डा खणायला लावता. त्यात पाणी भरायचं, ते मुरू द्यायचं, पुन्हा भरायचं. "आता चहाला जाऊन ये," तुम्ही म्हणता. "येईस्तोवर पाणी गेलं तर गुलाब लाव, मोगरा लाव, काय हवं ते लाव. जेवून आल्यावरही निम्मं दिसलं तर कर्दळ लाव. आणि उद्या सकाळी आत बेडूक पोहताना दिसला तर काहीच करू नकोस, देवानं काय लावलंय तेवढं बघ आणि त्याच्या जातीचं लाव." मी दर पाच मिनिटांनी खड्ड्यात वाकून बघत होतो, तर तुम्ही हसून म्हणालात, "ए घाबऱ्या, दूध उतू जातंय का ते?" तेव्हापासून बागेत माझं नाव घाबऱ्याच पडलं. मला राग यायचा, पण खोटं नव्हतं ते. माझा जीव आधीपासूनच तसा आहे.

तुम्ही चांदवडकडचे, कांद्याच्या घरातले. तुम्ही म्हणायचात, पाणी द्यायला कुणालाही येतं, पाणी तोडायला, म्हणजे वेळेवर बंद करायला, कांदेवाल्याकडून शिकावं. दुष्काळाच्या साली आम्ही माळी लोक कळशीनं पाणी वाहून एकेक झाड जगवत होतो, आणि तेव्हापासून माझ्या मनात एकच बसलं की पाणी म्हणजे माया. झाड जरा कोमेजलं की घाल पाणी. तुम्ही मला कितीदा दाखवलंत: दुपारी मान टाकतं ते तहानलेलं, संध्याकाळी ते उठतं. सकाळच्या गारव्यातही ज्याची मान खाली, त्याच्या मुळात दुखणं. काळी माती तर पक्की लबाड, वरून भेगाळलेली आणि खाली चिखल. म्हणून तर तुम्ही छत्रीची एक काडी सोबत बाळगायचात. जमिनीत खुपसायची, फिरवायची, वर काढून बघायची, किती बोटं कोरडी आली आणि कुठून माती चिकटली. निवृत्त झालात त्या दिवशी सगळ्यांनी तुम्हाला हार घातले आणि तुम्ही ती काडी माझ्या खिशात खोचलीत. "तुझ्या डोळ्यांवर तुझा विश्वास नाही," म्हणालात, "तर हिच्यावर ठेव."

आणखी एक दिवस. बागेच्या साहेबांच्या बंगल्यावर मला एकट्याला पाठवलं होतं. बाईसाहेबांना मागच्या दारी, मोरीचं पाणी जिथं जातं तिथं, गुलाबाचा ताटवा हवा होता. मी "हो बाईसाहेब, होईल बाईसाहेब" म्हणून मोकळा झालो. बाई समोर उभ्या, मी नुकताच स्वच्छ सदरा घातलेला, तिथं उकिडवं बसून चिखलात हात घालायची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. बाईंच्या देखत तुम्ही धोतर गुडघ्यावर घेऊन बसलात, कोपरापर्यंत हात मातीत घातला, मूठभर काढून दाबली, मूठ उघडली. बोटांच्या खुणा मातीवर जशाच्या तशा, आणि मनगटावरून पाण्याचा थेंब ओघळला. "बाई, इथं गुलाब नाही लावायचा. सोनटक्का लावतो. गुलाब पुढच्या दारी, उंचवट्यावर." बाईंचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "तुमचाच माणूस काल हो म्हणाला." तुम्ही म्हणालात, "तो तुम्हाला हो म्हणाला बाई, जमिनीला कुठं विचारलं त्यानं?" परत येताना रस्त्यात तुम्ही मला जे बोललात ते मी कुणाला सांगितलेलं नाही. "मोठ्या माणसापुढं वाकायला तुला लाज वाटत नाही. मातीपुढं बसायला वाटते." मी पस्तिशीचा बाप्या, रडकुंडीलाच आलो होतो. पावसाळ्यात त्या मोरीशी सोनटक्का असा फुलला की बाईंनी तुम्हाला बोलावून फुलं दिली. तुम्ही त्यातली निम्मी माझ्या बायकोसाठी पाठवलीत.

आणि एवढं सगळं शिकूनसुद्धा, मुकादम, गेल्या वैशाखात मी काय केलं ते सांगतो. मुलीनं मला ही पट्टी बघायला बोलावलं. पाट तेव्हा बंद होता, कोरडा ठणठणीत. जमीन भेगाळलेली, भेगेत हात जाईल एवढी. दीर बांधावर उभा, सोबत गावातले दोघं. तो म्हणाला, "या मामा. तुमी तर सायबाच्या बागेत व्हते. आमच्यासारखं उकरत बसायची तुमाला काय गरज, नुसतं बघून सांगत आसाल." सगळे हसले. मी धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा घालून गेलो होतो, मुलीच्या सासरी जायचं म्हणून. काडी खिशात होती. ती काढून जमिनीत खुपसली असती तर हे लोक अजून हसले असते, असं मला वाटलं. म्हणून मी उभ्या-उभ्याच चपलेच्या टोकानं एक ढेकूळ फोडलं, जाणत्यासारखं इकडं-तिकडं पाहिलं आणि म्हणालो, "गुलाब. गावठी गुलाब लाव. नाशकाच्या बाजारात रोज हारवाले उचलतील." दीर लगेच म्हणाला, "बघा वहिनी, मामांनी सांगितलं." त्याच्या तोंडावर जे हसू होतं ते मला तेव्हा मानाचं वाटलं. पाटाच्या अंगाला वाळलेल्या लव्हाळ्याची ठोंबं होती, मुकादम. मी ती पाहिली होती. लव्हाळा कुठं उगवतो हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, पाय ओले राहतात तिथं. जावई त्या पट्टीत कधी काही पेरत नव्हता, नुसतं गवत कापायचा, हे मला मुलीनंच नंतर सांगितलं. सासरच्यांना माहीत होतं. मलाही डोळे होते.

तिनं श्रावणात सहाशे कलमं लावली. एकटीनं. मी तण निंदायला बसायचो तेवढाच. दिवाळीपर्यंत असा फुटवा आला की रस्त्यानं जाणारी एसटीतली माणसं खिडकीतून बघायची. पहिली करंडी घेऊन ती पहाटेच्या गाडीनं नाशिकला गेली आणि परत आली ती गाणं गुणगुणत. नवरा गेल्यापासून तिच्या तोंडून मी गाणं ऐकलं नव्हतं. मग दिवाळीनंतर पाट सुटला. पौषात खालची पानं पिवळी पडली. ती म्हणाली, "आबा, खत कमी पडलं का?" खत घातलं. माघात कळ्या काळ्या पडून गळायला लागल्या. "आबा, कीड आहे का?" औषध मारलं. मग शेजारची कुणी म्हणाली दृष्ट लागली, तर तिनं लिंबू-मिरच्या बांधल्या. आणि रोज बांधावरून जाताना तो दीर म्हणतो, "वहिनी, पाणी पाजा, पाणी! पाट उशाला आन् गुलाब तहानलेले!" या सगळ्या दिवसांत मी काय करत होतो? हो म्हणत होतो. खत म्हणाली, हो. औषध म्हणाली, हो.

आठ दिवसांपूर्वी ती बाजाराला गेली तेव्हा मी ती काडी काढली. सकाळची वेळ, गारवा होता, आणि झाडांच्या माना खाली. एका झाडाच्या बुडाशी काडी खुपसली. चार बोटं कोरडी, आणि त्याखाली काडी लोण्यात जावी तशी गेली. वर काढली तर निळसर गाळ चिकटलेला, आणि वास. तुम्हाला तो वास माहीत आहे. पाट चालू झाला की त्याचं पाणी जमिनीखालून झिरपत येतं आणि आमच्या पट्टीत थांबतं, वरून कुणाला दिसत नाही. मी पाच ठिकाणी काडी खुपसली. पाटाकडच्या निम्म्या पट्टीत सगळीकडं तेच. वरच्या अंगाला, बांधाकडं, जरा बरं. मग मी काडी पुसून ठेवली आणि ती आली तेव्हा म्हणालो, "आज ऊन कडक आहे नाही?"

मी काय करू? सांगितलं तर तिचा माझ्यावरचा विश्वास जाईल, आणि तिच्याकडं दुसरं आहे काय? नाही सांगितलं तर उद्या सूर्य उगवायच्या आत वरचे, जगू शकणारे गुलाबसुद्धा बुडतील. तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय आहे, ऊठ. पण माझे पाय उठत नाहीत. मघाशी तिनं हाक मारली, "आबा, त्या कोपऱ्यावरचा दंड फोडू का?" आणि मी म्हणालो, "फोड." माझं तोंड आपोआप हो म्हणतं, मुकादम. आता ती शेवटच्या दंडापाशी आलीय. ऊन उतरलंय. एवढं वाक्य लिहून उठतो.

उठलो. सांगितलं. आता पुढचं लिहितो.

मी तिच्यापाशी गेलो आणि म्हणालो, "उद्या पाणी देऊ नकोस." ती फावड्यावर रेलून बघायला लागली. "सुकून चाललेत, आणि पाणी देऊ नको?" मी म्हणालो, "सुकत नाहीत गं. खाली पाणी साचलंय. मुळं कुजलीत." तिनं फावडं बाजूला टाकलं. मग म्हणाली, "खणून दाखवा." मी कुदळ घेतली, धोतर वर खोचून तिथंच उकिडवा बसलो आणि खणायला लागलो. हातभर खोल जायच्या आत पाटाकडच्या बाजूनं खड्ड्याची भिंत आधी घामेजली, मग तिच्यातून बारीक धार लागली. आम्ही एक थेंब ओतला नव्हता. तिनं खाली बसून त्यात हात घातला. मग शेजारचा गुलाब धरला आणि ओढला. मुळा उपटावा तसा तो हातात आला, जोर लावायलाही लागला नाही. तिनं मुळं नाकाशी नेली. मी सांगितलं नव्हतं, तिची तिनंच नेली. आणि डोळे मिटले.

तेवढ्यात बांधावरून दीर. "काय मामा, विहीर पाडता का काय?" मी खाली मान घालून खणतच राहिलो. पण ती उभी राहिली, तो उपटलेला गुलाब हातात तसाच, आणि म्हणाली, "हो भाऊजी, पाणी लागलं. तुमाला तर न खणताच माहीत व्हतं ना?" तो म्हणाला, "मी काय केलं? तुमच्या आबांनीच..." "आबांचं मी बघते," ती म्हणाली. "तुमी आता जा. अजून एक पावसाळा बाकी हाय." तो गेला. मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला अभिमान वाटायला हवा होता, पण "आबांचं मी बघते" एवढंच कानात राहिलं.

मग तिनं विचारलं, "इथं येईल काय?" मी म्हणालो, "अळू. पाटाकडच्या निम्म्यात. पानाला बाजार आहे, वडीला लागतं." ती त्या सगळ्या ओळींकडं बघत राहिली. "सहाशे गुलाब लावले, आणि आता अळू. गावातल्या बाया हसून हसून मरतील." मी म्हणालो, "सहाशे नाही. वरचे राहतील. पाटाच्या कडेनं खोल चर खणून पाणी ओढ्याकडं काढून दिलं आणि वरच्या ओळींचं पाणी तोडलं, तर जगतील." "नक्की?" "कदाचित." "आबा, नक्की का कदाचित?" मी म्हणालो, "कदाचित." आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला हो म्हणालो नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण तिनं पुढचं विचारलं, आणि रागानं नाही विचारलं, साधंच विचारलं. "आबा, तुम्ही तर जन्मभर हेच काम केलं. मग वैशाखात असं एक खणून का नाही बघितलं?" मी खड्ड्यात उकिडवा, ती वर उभी. तिच्याकडं वर बघायला लागलं मला. इस्त्रीचा सदरा, बांधावरची माणसं, माझी लाज, हे सगळं तोंडापर्यंत आलं. आणि मी म्हणालो, "आमच्या मुकादमांनी तसंच शिकवलं होतं. काळी जमीन भेगाळलेली दिसली की बिनघोर गुलाब लावावा, असं म्हणायचे."

तिनं हातातला गुलाब खाली टाकला. मग म्हणाली, "ते मुकादमकाका? मला परकरात पेरू बांधून द्यायचे ते?" मी म्हणालो, "तेच." "वाटलं नव्हतं हो त्यांच्याबद्दल. सगळी बाग त्यांना मानायची, आणि एवढं साधंही कळू नये त्यांना?"

आता ती चर खणायला लागलीय. मी घमेलं आणतो म्हणून आत आलो आणि हे लिहितोय. ती सातवी शिकलीय, माझं कसलंही अक्षर लावते, म्हणून हा कागद घरात ठेवता येणार नाही, आणि तुमच्याकडं पाठवायला जागा नाही. तिला खरं सांगेन म्हणतो. चर पुरा होऊ दे, वरच्या ओळी उठू देत, मग सांगेन. एकच राहिलं. तुमच्याबद्दल ती असं बोलली तेव्हा मी नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी गप्प बसलो नाही, मुकादम. मी म्हणालो, "हो ना. माणूस चांगला होता. पण मातीतलं त्यांना तसं बेताचंच कळायचं."